चौथी फ्लॉपी

आमच्या घरात हरवलेली वस्तू शोधायची एक पद्धत आहे. वस्तू हरवली, की आधी ती मी हरवली असं ठरतं आणि मग शोधायला सुरुवात होते. चष्मा, किल्ल्या, गॅसचं पुस्तक, मेहुण्याच्या लग्नाची कॅसेट (हिच्याबद्दल पुढं येईलच) अशा कितीतरी वस्तू मी या पद्धतीनं आजवर हरवल्या आहेत. पण यंदाच्या उन्हाळ्यात मी जे काही हरवलं असं निष्पन्न झालं, ते ऐकून सौ.सुद्धा ओरडायची विसरली. मी आप्पांना हरवून बसलो होतो.

आप्पा म्हणजे माझे वडील. ते १९९९ साली गेले ते रीतसर, घरात, सगळे जवळ असताना गेले. त्यात माझा काही दोष नाही. हरवले ते १९९६चे आप्पा. त्या वर्षी पावसाळ्याचे चार महिने रोज संध्याकाळी आप्पा वेताच्या खुर्चीत बसून आपल्या आयुष्याची हकीकत सांगायचे आणि मी समोर बसून ती काँप्युटरवर उतरवून घ्यायचो. ती हकीकत आता कुठं आहे, हा प्रश्न इतक्या वर्षांत घरात कुणालाही पडला नव्हता. पडला तो आमच्या सातवीतल्या नातीला, आणि तोही आपण होऊन नव्हे. तिला शाळेतून 'माझे पणजोबा' असा प्रकल्प मिळाला होता. प्रकल्प म्हणजे मुलांच्या नावावर आईबापांनी आणि आईबापांना वेळ नसल्यामुळं आजीआजोबांनी करायचा अभ्यास. तेव्हा मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "अगं, तुझ्या पणजोबांचं अख्खं आत्मचरित्र आहे माझ्याकडं!"

"दाखवा ना, आबा," ती म्हणाली. तिथंच घोटाळा झाला.

आप्पा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटले आणि रेकॉर्ड कीपर म्हणून निवृत्त झाले. त्यांचा सारा जन्म रुमालांत गेला. हल्लीच्या मंडळींना रुमाल म्हटलं की खिशातला आठवेल. दप्तरखान्यातला रुमाल म्हणजे जाड कापडाचा मोठा चौकोन. त्यात कागदांचा गठ्ठा ठेवायचा, चारी टोकं ओढून गाठ मारायची आणि वर चिठ्ठी लावायची. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागदही असेच रुमालांतून बांधलेले. कुठल्या सालचा फेरफार कुठल्या रुमालात आहे, हे आप्पांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. घरातलं मात्र त्यांना काही म्हणता काही सापडायचं नाही. तो गुण माझ्याकडं त्यांच्याकडूनच आला.

आता माझ्या काँप्युटरचं सांगतो. बँकांत काँप्युटर येऊ नये म्हणून काळ्या फिती लावून घोषणा देण्याचा एक काळ होता आणि त्या काळात मी पुढच्या रांगेत होतो. आवाज खणखणीत असल्यामुळं घोषणेचा पहिला अर्धा भाग माझ्याकडं असे. तोच मी १९९५ साली सोसायटीचं कर्ज काढून घरी काँप्युटर घेऊन आलो. उशिरा शिकलेल्या माणसाला शिकवायची खाज फार. मी सौ.ला शिकवून पाहिलं, शेजाऱ्यांना शिकवून पाहिलं. शेवटी उरले आप्पा.

"लिहिलंस का?" दर दोन वाक्यांनी आप्पा विचारायचे. कचेरीत जबाब लिहून घ्यायची सवय.

"लिहिलं."

"हे आता राहणार कुठं?"

"या फ्लॉपीवर."

आप्पांनी फ्लॉपी हातात घेतली, खिडकीच्या उजेडात धरली, उलटसुलट करून पाहिली. "यावर काहीच दिसत नाही."

"ते काँप्युटरला दिसतं, आप्पा."

"आणि काँप्युटर नसला तर?"

"आता काँप्युटर नाही असं घरच उरणार नाही." माझं हे भाकीत तंतोतंत खरं ठरलं आहे. आज आमच्या घरात लहानमोठे पाच काँप्युटर आहेत. त्यांतल्या एकालाही फ्लॉपी घालायला तोंड नाही.

"तरी एक प्रत कागदावर काढून ठेव," आप्पा म्हणाले.

त्यावर मी त्यांना एक छोटंसं व्याख्यान दिलं. कागदाला वाळवी लागते, कसर लागते, उंदीर खातात, पावसात लगदा होतो. हे मात्र कायमचं आहे. दप्तरखान्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला मी 'कायमचं' या शब्दाचा अर्थ समजावून देत होतो. आप्पांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "बरं. वर चिठ्ठी तरी लाव."

मी चिठ्ठ्या लावल्या. 'आप्पा १' पासून 'आप्पा ७' पर्यंत. निळ्या शाईतल्या त्या चिठ्ठ्या आजही अगदी स्वच्छ वाचता येतात.

फ्लॉप्या सापडल्या त्या माळ्यावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. चिरंजीव हिंजवडीला काँप्युटरचंच काहीतरी करतात. त्यांनी डब्यात डोकावून विचारलं, "बाबा, हे तेव्हाच क्लाउडवर का नाही टाकलंत?" आता १९९६ साली ढग म्हणजे ढगच होते आणि त्यांतून फक्त पाणी पडायचं, हे यांना कोण सांगणार? मी डबा पिशवीत घातला आणि बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला गेलो. तिथल्या दुकानांत आगगाडीचं इंजिनसुद्धा सुटे भाग घेऊन जोडता येईल, अशी माझी श्रद्धा आहे. पहिल्या दुकानातल्या पोरानं फ्लॉपी हातात घेऊन विचारलं, "काका, हे कशाचं झाकण आहे?" चौथ्या दुकानात मात्र माझ्याच वयाचे एक गृहस्थ भेटले. फ्लॉपी पाहून त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू शाळेतला मित्र भेटावा. त्यांनी आतल्या खोलीतून धूळ झटकत एक बाहेरून जोडायचं यंत्र काढलं, सातशे रुपये घेतले आणि निघताना म्हणाले, "बुरशी आलेली असेल तर घालू नका. ती पण जाईल आणि यंत्र पण जाईल."

फ्लॉपी म्हणजे काय, तर प्लास्टिकच्या पातळ चकतीवर लोखंडाच्या गंजाचा एक लेप. त्या लेपात चुंबकानं बारीक बारीक खुणा करून ठेवलेल्या असतात. आपल्या पावसाळ्यात लोणच्यावर, पट्ट्यावर आणि चपलांवर जी पांढरी लव येते, ती या चकतीवरही सुखानं येते. घरी आणून एकेक घातली. पहिल्या तीन खर्र खर्र करत का होईना, उघडल्या. पाचवी आणि सहावी निम्म्यात रुसल्या. सातवी लगेच उघडली, पण तिच्यात आप्पा नव्हतेच. आप्पांची पेन्शन आणि उत्तरायुष्य पुसून चिरंजीवांनी शाळेत असताना तिथं 'डेव्ह' नावाचा उड्या मारणारा टोपीवाल्याचा खेळ मित्राकडून भरून आणला होता. चिरंजीव एकदम गप्प झाले. मलाही फार बोलता येईना, कारण सौ. मेहुण्याच्या लग्नाच्या कॅसेटचा विषय काढायच्या बेतात दिसली. १९८७च्या नोव्हेंबरात वानखेडेवर भारत-इंग्लंड सेमीफायनल होती आणि ऐन वेळी घरात दुसरी कोरी कॅसेट नव्हती. मेहुण्याच्या सप्तपदीवर ग्रॅहॅम गूचनं स्वीप मारले, शतक ठोकलं, आणि वर आपण हरलो.

चौथ्या फ्लॉपीवर बुरशी होती.

चिरंजीवांनी मला मूर्ख म्हटलं नाही, नुसतं तसं पाहिलं. तेव्हा आपल्यासारखे आणखी कोण कोण आहेत, हे शोधायला मी बसलो. आणि सांगायला आनंद वाटतो, की मोठमोठी मंडळी सोबतीला आहेत.

पहिला मान इंग्लंडचा. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि १०८५च्या नाताळात त्याला प्रश्न पडला, की आपण जिंकलं आहे म्हणजे नक्की काय काय? त्यानं माणसं पाठवली. जमीन कुणाची, नांगर किती, गिरण्या किती, कुळं किती, डुकरं किती, सगळं लिहून आणा. त्या काळच्या एका बखरकारानं तर तक्रारच करून ठेवली आहे, की या राजानं एक बैल, एक गाय, एक डुक्करसुद्धा नोंदीतून सोडलं नाही. १०८६ साली ही माहिती जमा झाली आणि मेंढीच्या कातड्यावर लॅटिनमध्ये उतरवली गेली. हे 'डूम्सडे बुक'. डूम्सडे म्हणजे कयामतचा दिवस. या वहीत लिहिलं त्यावर अपील नाही. इंग्लंडचा सातबाराच म्हणा. आप्पांना हे दाखवलं असतं तर त्यांनी विल्यमला नमस्कार केला असता. ते पुस्तक आज लंडनमध्ये क्यू इथं राष्ट्रीय दप्तरखान्यात आहे, आणि लॅटिन येणाऱ्या कुणालाही वाचता येतं.

पुढं १९८६ साल आलं. नऊशे वर्षं झाली म्हणून बीबीसीनं नवं डूम्सडे करायचं ठरवलं. आता मेंढ्या कापायचं कारण नव्हतं. देशाचे चार किलोमीटर बाय तीन किलोमीटरचे तुकडे पाडले आणि शाळाशाळांतल्या पोरांना सांगितलं, की आपापल्या तुकड्याची हकीकत लिहा. पोरांनी दुकानं मोजली, बस किती वाजता येते ते लिहिलं, शाळेत डब्याला काय असतं ते लिहिलं, फोटो काढले. सगळी मिळून दहा लाखांच्या आसपास माणसं या कामाला लागली. खर्च झाला पंचवीस लाख पौंड. हे सारं जेवणाच्या ताटाएवढ्या दोन चकचकीत लेसर तबकड्यांवर भरलं. हजार वर्षांनी लोक बघतील अशी कल्पना. पण त्या तबकड्या चालायच्या एकाच जातीच्या यंत्रावर, ते जोडायचं एकाच जातीच्या काँप्युटरला, आणि त्या जोडगोळीची किंमत पाच हजार पौंडांच्या घरात. ज्या शाळांतल्या पोरांनी मजकूर लिहिला, त्यांच्यातल्या बहुतेकांना तो विकत घेणं परवडेना. बरं, ते यंत्र पुढं कुणी बनवेना. २००२ सालापर्यंत चालू स्थितीतली यंत्रं हाताच्या बोटांवर मोजायची वेळ आली आणि वर्तमानपत्रांना विषय मिळाला: नऊशे वर्षांचं कातडं वाचता येतं आहे आणि सोळा वर्षांची तबकडी अडली आहे.

ती अगदीच बुडाली नाही, हे सांगायला हवं. लीड्स आणि मिशिगन इथल्या विद्यापीठांतल्या लोकांनी खटपट करून एक प्रोग्रॅम लिहिला, ज्याच्या जोरावर नवा काँप्युटर जुन्या काँप्युटरचं सोंग घेऊ शकतो. तबकडीला वाटतं आपलंच माणूस आलं, आणि ती बोलू लागते. २०११ साली बीबीसीनं तो मजकूर इंटरनेटवर ठेवला. मंडळींनी सुस्कारा सोडला. आणि २०१८ साली ते पानही बंद झालं! आता त्याची नक्कल आहे राष्ट्रीय दप्तरखान्याच्या साठ्यात. म्हणजे विल्यमच्या मेंढीच्या आश्रयाला.

दुसरे सोबती अमेरिकेचे. जुलै १९६९मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि आम्ही सारा वाडा रेडिओभोवती जमलो होतो. ज्यांनी ते टीव्हीवर पाहिलं त्यांना अंधुक, भुतासारखी चित्रं दिसली. कारण चंद्रावरच्या कॅमेऱ्याची पद्धत टीव्हीच्या पद्धतीशी जुळत नव्हती. म्हणून इथं एका पडद्यावर चित्र आणून त्या पडद्यासमोर दुसरा कॅमेरा लावला होता. मूळ चित्र त्याहून पुष्कळ स्वच्छ होतं आणि ते मोठाल्या टेपांवर वेगळं साठवलेलं होतं. पुढं त्या टेपा काढून पाहू म्हटलं तर सापडेनात. बरीच वर्षं शोध चालला. २००९ साली नासानं कबुली दिली, की पुढच्या काळात टेपांची टंचाई पडली तेव्हा त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. मी हे सौ.ला मोठ्यानं वाचून दाखवलं. ज्यांनी चंद्रावर माणूस उतरवला त्यांनासुद्धा ऐन वेळी घरात कोरी कॅसेट नव्हती!

"त्यांच्या मेहुण्याचं लग्न नव्हतं ते," सौ. म्हणाली.

बाकीच्यांची नुसती हजेरी घेतो. ऑर्कुटवर आपल्याकडच्या निम्म्या कॉलेजांनी एकमेकांना पानंच्या पानं लिहिली. ते सप्टेंबर २०१४मध्ये मिटलं. मायस्पेसवर हजारो हौशी गवयांनी आपली गाणी ठेवली होती. एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवताना बारा वर्षांची गाणी गेली, असं २०१९ साली जाहीर झालं. इंटरनेटचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, व्हिंट सर्फ, यांनी २०१५ साली इशारा दिला, की आपला हा काळ पुढच्यांना अंधारयुग वाटेल, तेव्हा जे फोटो खरोखर हवे आहेत ते कागदावर छापून ठेवा. सौ.कडं काळ्या पुठ्ठ्याचे, तिकोनी कोपरे चिकटवलेले सात अल्बम आहेत. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कळायला त्यांना इंटरनेट काढावं लागलं का?"

कागदाची फार स्तुती करावी असंही नाही. आपल्याकडं किती दप्तरं वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला गेली, किती बंबात गेली, याला हिशेब नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करत हिंडले ते त्यातलं उरलंसुरलं वाचवायला, आणि लोकांच्या या बेपर्वाईवर ते जे संतापायचे ते उगीच नव्हे. पण एक बघा. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. त्यात पानिपतापर्यंतची, १७५० ते १७६१ची पत्रं आहेत. म्हणजे छापली जाईपर्यंत ती पत्रं सुमारे दीडशे वर्षं कुणाकुणाच्या वाड्यांतून पडून होती. त्या दीडशे वर्षांत त्यांना कुणी ऊन दाखवलं नसेल, कुणी विचारपूसही केली नसेल. राजवाड्यांनी गाठ सोडली, कागद उलगडला आणि वाचलं. एवढंच. नाणेघाटात बघा. सातवाहनांच्या नागनिका राणीनं केलेल्या यज्ञांची आणि दान दिलेल्या गाईंची यादी तिथल्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली आहे. शेजारी राजघराण्याच्या मूर्ती होत्या. त्यांची आता पावलांपुरती खूण उरली आहे आणि वर नावं. मधल्या काळात ती ब्राह्मी लिपीच लोक विसरले. कित्येक शतकं घाटातून जाणाऱ्या येणाऱ्याला ती अक्षरं म्हणजे किड्यांच्या रांगा. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मीचा उलगडा केला आणि दगड बोलू लागला. दगडाला थांबायला वेळ होता.

फ्लॉपीला वेळ नसतो. तिच्यावरचं दर पाच-सात वर्षांनी उचलून नव्या कशावर तरी ठेवावं लागतं, एखाद्या नवसाच्या देवासारखं. एक पिढी सोडा, एक खेप चुकली की संपलं. आणि वाळवी झाली तरी अर्धं पान ठेवते. उरलेल्या अर्ध्यावरून राजवाड्यांसारखा माणूस तर्क चालवतो. इथं एक कोपरा खराब झाला, की यंत्र म्हणतं, काहीच वाचता येत नाही. अर्धं मिळणंही कठीण.

तरी माझ्या तीन फ्लॉप्या उघडल्या होत्या. पण उघडल्या म्हणजे काय, तर पडद्यावर जे आलं ते आप्पांनी सांगितलेलं नव्हतं आणि कुणीच कधी सांगितलेलं नव्हतं. टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, मध्येच पौंडाचं चिन्ह, मध्येच भागाकार, मध्येच दोन टिंबं. भानगड अशी, की त्या काळच्या मराठी फाँटांत 'क' म्हणजे क नव्हताच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असायचं, आणि ते चित्र ज्या फाँटात आहे तो फाँट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडायचं. प्रत्येक कंपनीची जागांची वाटणी निराळी. माझ्या फाँटाला तर काँप्युटरच्या पाठीमागं खोचायचं एक कुलूप होतं. ते असलं तरच मराठी. ते कुलूप कुठं गेलं, हे मी हरवलेल्या वस्तूंच्या यादीत पूर्वीच नोंदवलेलं आहे. तसं पाहिलं तर १९९१ सालीच युनिकोड नावाची साऱ्या जगाची एक सामाईक पद्धत निघाली होती आणि त्यात देवनागरीला हक्काची जागा होती. पण ती आमच्या घरापर्यंत पोचायला आणखी दहा-बारा वर्षं लागली. त्या मधल्या काळात मराठी माणसानं काँप्युटरवर जे जे लिहिलं, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, त्यातलं किती आज असं टोप्या घालून बसलं असेल, कुणास ठाऊक.

चिरंजीवांनी, डेव्हच्या प्रायश्चित्तादाखल असेल, कुठून तरी एक रूपांतर करणारा प्रोग्रॅम मिळवला. त्यानं आप्पांना पुन्हा मराठीत आणलं, पण थोडं बोबडं. ऱ्हस्व वेलांट्या आपल्या अक्षराच्या आधीच येऊन उभ्या, आणि रफार एक अक्षर पुढं सरकलेला. 'अर्ज' झाला 'अजर्'. 'सर्कल' झालं 'सकर्ल'. 'मोर्चा'चं झालं 'मोचार्'. पंधरा दिवस मी दुरुस्त करत बसलो. पहिल्या तीन फ्लॉप्यांची सतरा पानं झाली, आणि या खेपेला ती मी कागदावर काढली. दोन प्रती.

त्याच माळ्यावर, बिस्किटांच्या डब्याच्या खाली, आमच्या आजोबांची रोजकीर्द होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, मोडीतली. आप्पा ती घडाघडा वाचायचे. मला मोडी येत नाही. आमच्या शाळेत येईपर्यंत ती गेली होती. म्हणजे माझी स्थिती मोठी चमत्कारिक. आप्पांचा मजकूर आहे तर त्याची फ्लॉपी चालत नाही, आजोबांचा कागद चालतो तर लिपी येत नाही. (मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली. माझ्या १९९६च्या फाँटाला कुणी विचारलं नाही.) ओळखीतला एक मुलगा मोडी शिकला आहे. चोवीस-पंचवीसचा असेल. तो एका रविवारी येऊन जमिनीवर मांडी घालून बसला आणि शंभरावर वर्षांपूर्वीचा जमाखर्च असा वाचू लागला, जसा मी पेपर वाचतो. सुपारी, तंबाखू, न्हाव्याचे पैसे. शके १८४१, श्रावण वद्यात एका दिवशी खर्चाला नोंद: सुईणीस लुगडे एक, तांदूळ दोन शेर, गूळ वाटला.

सौ. म्हणाली, "म्हणजे आप्पा झाले तो दिवस!"

आप्पांचा सरकारी जन्मदिवस १ जून. शाळेत घालताना मास्तरांनी गावातल्या साऱ्या पोरांचा तोच मांडला होता. म्हणजे सरकारनं त्यांना अडीच महिने आधीच घरी बसवलं. हा हिशेब त्यांना सांगायला हवा होता. त्यांना तो आधीच माहीत असणार म्हणा. वाचता येत होतं.

नातीचा प्रकल्प त्या सतरा पानांवर आणि त्या लुगड्यावर उभा राहिला. अडचण आली ती एकाच ठिकाणी. सप्टेंबर १९४२मध्ये सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले. तासगावला गेला, वडूजला गेला, इस्लामपूरला गेला. वडूजला गोळीबार होऊन माणसं पडली. याबद्दल पुस्तकांतून वाचायला मिळतं ते मोर्चाच्या बाजूनं, आणि तसंच मिळायला हवं. आप्पा तेव्हा तेवीस वर्षांचे, आपल्या तालुक्याच्या कचेरीत, आतल्या बाजूला होते. सरकारचे नोकर. तिसऱ्या फ्लॉपीच्या अखेरीस ते सांगतात: "रात्र झाली. बाहेर लोक तसेच बसून होते. आम्ही चौघे कारकून दप्तराच्या खोलीत गेलो आणि आतून कडी लावली. मग"

इथं तिसरी फ्लॉपी संपते. पुढचं चौथीत.

त्यांनी दप्तर वाचवलं, की जाळायला मदत केली? कुणाला लपवलं? कुणाची नावं लिहून दिली? चौघांतल्या बाकीच्या तिघांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत. आणि खरी लाजेची गोष्ट ही, की हे सगळं आप्पांनी माझ्यासमोर बसून, मला, माझ्या तोंडाकडं बघत सांगितलं आहे. मी ते माझ्या या दोन बोटांनी टाईप केलं आहे. मला एक शब्द आठवत नाही. ठेवायला फ्लॉपी होती, म्हणून मी ऐकलंच नाही. त्या संध्याकाळचं एवढंच आठवतं, की बाहेर पाऊस होता, आप्पा मध्येच थांबले, बराच वेळ बोलले नाहीत, आणि मग त्यांनी विचारलं, "लिहिलंस का?" मी म्हणालो, "एक मिनिट, आप्पा." कारण मला की-बोर्डावर 'ज्ञ' सापडत नव्हता.

बुधवारातल्या त्या गृहस्थांना चौथी फ्लॉपी नेऊन दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, अगदी आप्पांसारखीच, आणि मान हलवली. मुंबईला एक जण साफ करून देतो म्हणतात. त्याच्याकडं पाठवली आहे. तो अजून फोन घेत नाही.

नातीनं प्रकल्पात तेवढं पान कोरं सोडलं आणि बाईंनी त्यावर लाल शाईनं 'अपूर्ण' असा शेरा मारला. मी शब्दकोश घेऊन बसलो आहे. आप्पांच्या तोंडात बसेल असा, त्या रात्री त्या खोलीत येऊ शकेल असा, 'ज्ञ' असलेला शब्द कोणता? आज्ञा, प्रतिज्ञा, अज्ञान, कृतज्ञ. एका वहीत लिहून काढतो आहे. कालपर्यंत अठरा झाले.